विद्यार्थ्यांच्या लेखनातील अनुनय : मुक्ता साळवे यांचा निबंध आणि बीड जिल्ह्यातील लेखनाध्यापन

1. प्रास्ताविक

वैचारिक निबंध, मागणीपत्र, विनंतीपत्र, जाहिरात हे लेखनप्रकार माध्यमिक स्तरापासून मराठीच्या अभ्यासक्रमात आहेत. या सर्वांमागे एक समान गृहीत आहे. विद्यार्थी लिहितो तेव्हा त्याला कोणाचे तरी मन वळवावयाचे असते. पदवी स्तरावर 'उपयोजित मराठी' या नावाखाली हेच प्रकार अधिक विस्ताराने शिकविले जातात. प्रत्यक्षात मात्र विद्यार्थ्याचे लेखन मन वळविण्याऐवजी परीक्षकाला अपेक्षित असलेली वाक्ये योग्य क्रमाने मांडण्यापुरतेच राहते. सुभाषिताने आरंभ, मध्ये तीन-चार मुद्दे आणि शेवटी आवाहन, असा एक छापील साचा तयार झालेला आहे. मार्गदर्शक पुस्तके आणि वक्तृत्व स्पर्धांची पाठ केलेली भाषणे यांनी तो दृढ केला आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. या जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी ऊसतोड कामगारांच्या घरांतून येतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, पाणी, रेशनकार्ड, पीकविमा अशा बाबींसाठी घरातील पहिला लिहिता माणूस म्हणून अर्ज लिहिण्याचे काम त्यांच्यावर येते. त्या अर्जातील भाषा निष्प्रभ ठरली, तर वाया जाते ती घराची गरज. विद्यार्थ्याच्या लेखनात अनुनयाचे सामर्थ्य कशातून येते, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. त्यासाठी मराठीतील विद्यार्थिलेखनाचा एक श्रेष्ठ नमुना, मुक्ता साळवे यांचा 1855 चा निबंध, आधाराला घेतला आहे. त्याच्या प्रकाशात आजच्या लेखनाध्यापनाचा विचार केला आहे.

2. अनुनय : संकल्पना

'अनुनय' या शब्दाला व्यवहारात खुशामतीची छटा आलेली आहे. येथे तो 'कारणे देऊन, विश्वास संपादून दुसऱ्याचे मत आपल्याकडे वळविणे' या अर्थाने योजिला आहे. ॲरिस्टॉटलने वक्त्याचे शील, श्रोत्याची भावावस्था आणि युक्तिवाद अशी मन वळविण्याची तीन साधने सांगितली. भारतीय परंपरेतही या विचाराला दोन भक्कम आधार सापडतात.

पहिला आधार न्यायशास्त्राचा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे परार्थानुमानाचे पाच अवयव तेथे मानले आहेत. 'परार्थ' म्हणजे दुसऱ्यासाठी. स्वतःला पटलेले दुसऱ्याला पटवून द्यावयाचे असेल, तर या पाच पायऱ्या उतराव्या लागतात. दुसरा आधार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'चा. वेदादिकांचा उपदेश प्रभुसंमित, पुराणेतिहासांचा सुहृत्संमित आणि काव्याचा कांतासंमित, असे त्रिविध वर्गीकरण त्याने मांडले. मालक आज्ञा करतो, मित्र कारणे सांगून निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवितो आणि कांता रसाच्या द्वारा वळविते.

हे वर्गीकरण विद्यार्थ्यांच्या लेखनाला लावून पाहिले तर एक विसंगती लक्षात येते. निबंधात विद्यार्थी प्रभूच्या स्वरात बोलतो : 'वृक्षतोड थांबविली पाहिजे', 'भ्रष्टाचार समूळ नष्ट झाला पाहिजे'. आज्ञा देण्याचा कोणताही अधिकार नसलेला सोळा वर्षांचा मुलगा संपूर्ण देशाला आज्ञा देतो. अर्ज लिहिताना मात्र तोच विद्यार्थी हात जोडून उभा राहतो. 'कृपाळू होऊन', 'ही नम्र विनंती', 'आपला आज्ञाधारक' यांपलीकडे तो जात नाही. आज्ञा आणि याचना या दोन टोकांच्या मधला, कारणे देणारा सुहृदाचा स्वर त्याला शिकविलेलाच नसतो. अनुनयाचे क्षेत्र नेमके तेच आहे.

3. मुक्ता साळवे यांच्या निबंधातील अनुनय

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षे वयाच्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'च्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ला मानाचे स्थान दिले जाते. ती सुरू झाली 1874 साली, म्हणजे या निबंधानंतर एकोणीस वर्षांनी. हा निबंध दलित साहित्याचा व स्त्रीलेखनाचा आरंभबिंदू म्हणून वारंवार अभ्यासला गेला आहे. विद्यार्थिलेखन म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले जात नाही. येथे ती दृष्टी स्वीकारून त्यातील पाच विशेषांकडे लक्ष वेधावयाचे आहे.

पहिला विशेष प्रतिपक्षाच्या गृहीतावर उभारलेल्या युक्तिवादाचा. वेद ही केवळ आपली मालमत्ता आहे, इतरांनी ते पाहू नयेत, हे ब्राह्मणांचे म्हणणे लेखिका आरंभी खोडून काढत नाही. ते जसेच्या तसे मान्य करून ती पुढे चालते. वेद आमचे नसतील, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नसेल, तर आम्ही धर्मरहित ठरतो. मग आमचा धर्म कोणता? प्रतिपक्षाला स्वतःचे विधान मागे घ्यावे लागते किंवा न पेलणारा निष्कर्ष स्वीकारावा लागतो. 'जर-तर'ची ही साखळी पंचावयवी अनुमानाच्या अगदी जवळची आहे. वेदाधिकाराचा वाद त्या काळी नियतकालिकांतून चाललेला होता. तो या मुलीच्या कानावर आला असणार. परंतु वादातील एक धागा उचलून त्याला प्रश्नाचे रूप देण्याचे कौशल्य तिच्या लेखणीचे आहे.

दुसरा विशेष प्रश्नरूपाचा. निबंधातील कळीची विधाने प्रश्नाच्या स्वरूपात येतात आणि उत्तर देण्याची जबाबदारी वाचकावर पडते. वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याला अधिक पटतो. विद्यार्थी ज्यांना 'अलंकारिक प्रश्न' म्हणून पाठ करतात, त्यांचे खरे कार्य हे आहे.

तिसरा विशेष मूर्त तपशिलाचा. पेशवाईतील अत्याचारांविषयी लिहिताना इमारतीच्या पायात माणसे गाडण्याचा आणि गुलटेकडीच्या मैदानाचा उल्लेख येतो. स्थळ नेमके असल्यामुळे पुण्याच्या वाचकाला ते नाकारून पुढे जाता येत नाही. याहूनही परिणामकारक तपशील प्रसूतीचा आहे. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या हालांचे वर्णन करून लेखिका वाचकाला स्वतःच्या अनुभवावरून त्याची कल्पना करावयास सांगते. हा तपशील वर्तमानपत्रांतील वादातून येणारा नव्हे, तो वस्तीतून आलेला आहे. 'दुःख' या भाववाचक नामाला त्यामुळे शरीर मिळते.

चौथा विशेष कर्त्याचा. अन्याय कोणी केला, कोणावर केला, हे या निबंधातील वाक्यांत स्पष्ट असते. 'अन्याय होत आला आहे' अशा कर्तृहीन वाक्याच्या आडोशाला लेखिका जात नाही.

पाचवा विशेष संबोध्याच्या बदलाचा. आरंभी ईश्वराचे स्मरण आहे. युक्तिवादाचा रोख ब्राह्मणांकडे आहे. अखेरच्या भागात आपल्याच लोकांना उद्देशून ज्ञानाचे औषध घेण्याचे आवाहन आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणाशी बोलावयाचे, याचे भान सुटलेले नाही. शिवाय आवाहन येते ते अगदी शेवटी, म्हणजे युक्तिवाद आणि पुरावा यांनी ते कमावल्यानंतर. आजच्या निबंधात आवाहन कमवावे लागत नाही. ते साच्यातच दिलेले असते.

4. छापील निबंधाची भाषा

वरील विशेषांच्या तुलनेत छापील निबंधाच्या भाषेची व्याकरणिक तपासणी केली असता तीन स्थळे महत्त्वाची ठरतात.

पहिले स्थळ सर्वनामाचे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' श्रोत्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. अनुनयासाठी मराठी लेखकाच्या हाती असलेले हे एक सूक्ष्म साधन आहे. छापील निबंध सरसकट 'आपण' वापरतो : 'आपण पाण्याचा अपव्यय टाळला पाहिजे.' आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातील टँकरच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली मुलगी हे वाक्य लिहिते, तेव्हा पाणी उधळणारा आणि पाणी वाहणारी यांची जबाबदारी एकच होऊन बसते. तिच्याजवळ सांगण्यासारखे जे आहे, ते 'आम्ही'मध्ये आहे. मुक्ता साळवे यांचा निबंध 'आम्ही'चा निबंध आहे. प्रथम 'आम्ही' म्हणून आपली स्थिती सांगावी आणि वाचक तेथवर आल्यानंतर 'आपण' म्हणावे, हा क्रम विद्यार्थ्यांना जाणीवपूर्वक शिकविता येतो.

दुसरे स्थळ क्रियापदाचे. 'दुर्लक्ष होते', 'शोषण केले जाते', 'योजना राबविल्या जातात' या रचनांत कर्ता लुप्त असतो. कर्मणी प्रयोग स्वतः दोषास्पद नाही. कर्ता अज्ञात किंवा गौण असेल तेव्हा तो योग्यच आहे. परंतु मागणी ज्याच्याकडे करावयाची तोच वाक्यातून नाहीसा झाला, तर मागणी हवेत राहते.

तिसरे स्थळ म्हणींचे. म्हण म्हणजे समाजाने आधीच मान्य केलेले प्रमेय. त्यामुळे ती युक्तिवादाचा आधार होऊ शकते. मात्र सर्वच म्हणी विचार पुढे नेत नाहीत. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण लिहिली की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण कृतीकडे नेते. म्हण निवडताना ती दार उघडते की लावून घेते, हे पाहणे अगत्याचे आहे.

5. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : परिसरातील परंपरा

अनुनयाचे शिक्षण म्हणजे काही परकी विद्या आयात करावयाची नाही. गोदावरीच्या काठावर, गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. त्या पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या एकशे चौदा दृष्टांतांचे संकलन केले. त्याची रचना त्रिविध आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे प्रतिपाद्य विधान, दृष्टांत म्हणजे लोकव्यवहारातील छोटी गोष्ट आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा प्रतिपाद्याला लावून दाखविलेला विनियोग. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ती येथे का सांगितली, हे दार्ष्टांतिकाने कळते. पंचावयवी अनुमानातील उपनयाचे कार्यही हेच आहे. अंबाजोगाईशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले जाते, त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू'ही गुरुशिष्यसंवादाच्या रूपात शंका घेत आणि तिचे निरसन करीतच पुढे जातो.

ही परंपरा ग्रंथांत बंद नाही. नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या परिसरातील आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतील कीर्तनांत ती जिवंत आहे. कीर्तनकार प्रमेय मांडतो, शेतातला किंवा घरातला दृष्टांत देतो आणि मग अभंगाच्या चरणाकडे परत येतो. विद्यार्थ्यांनी हे लहानपणापासून ऐकलेले असते. त्यांचा कान तयार असतो. वर्गातील निबंधाने त्या कानाशी नाते तोडलेले आहे.

विद्यार्थ्यांच्या लेखनातील एक सार्वत्रिक उणीव या परिभाषेत नेमकी सांगता येते. त्यांच्याकडे सूत्र असते, दृष्टांतही असतो, दार्ष्टांतिक नसते. उदाहरण दिले की काम झाले असे मानून लेखन पुढच्या मुद्द्यावर उडी घेते. दुष्काळावरील निबंधाचे उदाहरण घेता येईल. 2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे अनेक जण लिहितात. परंतु लातूर शहर ज्या मांजरा धरणावर अवलंबून आहे, ते धनेगाव येथील धरण बीड जिल्ह्याच्या केज तालुक्याच्या सीमेवर आहे. शहरासाठी आगगाडी आली त्या उन्हाळ्यात धरणाच्या काठावरील गावे टँकरकडे डोळे लावून होती. एवढे दोन वाक्यांत सांगितले की रेल्वेचे उदाहरण निव्वळ नवलाची गोष्ट राहत नाही. पाणीवाटपाच्या प्रतिपादनाला ते लागू होते. हेच दार्ष्टांतिक.

6. पुरावा आणि त्याची मर्यादा

अनुनय आणि प्रचार यांतील सीमारेषा पुराव्याच्या वापरात दिसते. 'मुलगी वाचवा' या विषयावर बीड जिल्ह्यातील विद्यार्थी लिहितो, तेव्हा त्याच्या हाताशी एक प्रखर आकडा असतो. 0 ते 6 वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत 894 होते. 2011 मध्ये ते 807 पर्यंत खाली आले. घोषणांनी भरलेल्या पानापेक्षा ही दोन वाक्ये अधिक बोलतात. 'समाजाची मानसिकता बदलली पाहिजे' हे विधान कोणालाही मान्य करता येते आणि म्हणूनच कोणालाही हलवीत नाही. दहा वर्षांत झालेली 87 ची घट मात्र वाचकाला कारण विचारावयास भाग पाडते.

येथेच संयमाची परीक्षा होते. हजारातून 807 वजा करून 'हजारामागे 193 मुलींची हत्या झाली' असे लिहिण्याचा मोह होतो. तो युक्तिवाद टिकत नाही. निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक जन्मतात आणि दर हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली हे प्रमाण स्वाभाविक मानले जाते. तुलना त्या प्रमाणाशी करावी लागते. तशी केली तरी तफावत अस्वस्थ करणारीच राहते. अतिशयोक्तीने वाक्य जोरकस होते, पण जाणकार वाचकाने एक चूक पकडली की उरलेल्या खऱ्या विधानांवरचाही त्याचा विश्वास उडतो. वक्त्याचे शील हे अनुनयाचे साधन मानले जाते, ते याच कारणामुळे.

7. अध्यापनाची दिशा

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी एका अर्जाची दोन रूपे नमुन्यादाखल रचून घेता येतील. विषय असा : स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करण्याबाबत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज. साच्यातील रूप असे होईल :

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे. आजची मुले ही उद्याच्या भारताचे आधारस्तंभ आहेत. तरी आमच्या गावी वसतिगृह सुरू करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.'

या अर्जातील एकही विधान असत्य नाही, तथापि ते कोणत्याही गावाहून, कोणत्याही वर्षी पाठविता येईल. दुसरे रूप असे :

'महोदय, आमच्या गावातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची गाडी दारात येते, त्या दिवशी घरी मुलाला सांभाळणारे कोणी नसेल, तर मूलही गाडीत बसते. वसतिगृह त्यानंतर महिन्याने उघडले, तर ज्यांच्यासाठी ते उघडावयाचे ती मुले फडावर पोहोचलेली असतात. मुलांचे स्थलांतर थांबविणे हाच या योजनेचा हेतू आहे. म्हणून गाड्या येण्यापूर्वी वसतिगृह सुरू व्हावे आणि त्यासाठी शाळेने मुलांची यादी गणेशोत्सवापर्यंत तयार करावी, अशी आमची मागणी आहे.'

दुसऱ्या अर्जात एकही अलंकार नाही. त्याचे बळ चार गोष्टींत आहे. संबोध्य निश्चित आहे. त्याचेच उद्दिष्ट, म्हणजे स्थलांतर थांबविणे, युक्तिवादाचे गृहीत म्हणून घेतले आहे. मुक्ता साळवे यांनी वेदाधिकाराचे गृहीत घेतले तोच हा मार्ग होय, फरक इतकाच की तेथे गृहीत विरोधकाचे होते आणि येथे ते सहकार्य अपेक्षित असलेल्या अधिकाऱ्याचे आहे. गाडीचा तपशील मूर्त आहे आणि मागणी पार पाडता येण्याजोगी आहे. 'विनंती'ची जागा 'मागणी'ने घेतली, तरी आदराला कोठेही बाधा आलेली नाही. अर्ज सुहृदाच्या स्वरात लिहिला गेला आहे.

वर्गात यासाठी तीन प्रश्नांची सवय लावणे पुरेसे ठरेल. हे कोणाला सांगावयाचे आहे? त्याला आधीपासून काय मान्य आहे? दिलेले उदाहरण त्याच्या निर्णयाला कसे लागू पडते? पहिला प्रश्न संबोध्याचा, दुसरा गृहीताचा, तिसरा दार्ष्टांतिकाचा. निबंधाचा विषय देताना 'पाणी : एक समस्या' असा न देता, 'गावातील सार्वजनिक विहिरीच्या गाळउपशाविषयी ग्रामसभेला पत्र' असा दिला, तर पहिला प्रश्न आपोआप सुटतो. एकाच मागणीचे पत्र प्रथम सरपंचाला, मग गावातील वडीलधाऱ्यांना लिहावयास सांगितले, तर दोन्ही ठिकाणी पुरावा तोच राहूनही गृहीत कसे बदलते, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. विरोधी मत प्रामाणिकपणे, त्याच्या बळकट रूपात मांडून मगच त्याला उत्तर देण्याचा सराव हाही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या परंपरेचाच भाग आहे.

मूल्यमापनाची अडचण मात्र खरी आहे. सुभाषित, अवतरण आणि 'ओघवती भाषा' यांना गुण देण्याची सवय परीक्षकांना आहे. असे असता साधी, नेमकी भाषा लिहिणारा विद्यार्थी मागे पडण्याची भीती राहते. महाविद्यालयीन स्तरावर अंतर्गत मूल्यमापनात संबोध्य, पुरावा आणि विनियोग यांसाठी स्वतंत्र गुण ठेवले, तर ही भीती पुष्कळ अंशी कमी होईल.

8. समारोप

अनुनयाची तंत्रे म्हणजे वाक्यांवर चढवावयाचे दागिने, हा समज विद्यार्थ्यांच्या लेखनाला मारक ठरला आहे. मुक्ता साळवे यांच्या निबंधाने 1855 मध्येच दाखवून दिले की मन वळविणारी भाषा संबोध्याचे भान, त्याच्याच गृहीतावर उभा केलेला युक्तिवाद आणि जगलेल्या तपशिलाचा नेमका विनियोग यांतून घडते. त्यांच्या हाती ना मार्गदर्शक पुस्तक होते, ना निबंधाचा साचा. सांगण्यासारखे होते, आणि ते कोणाला सांगावयाचे हे ठाऊक होते.

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याजवळही सांगण्यासारखे आहे. दृष्टांताची परंपरा त्याच्या कानात आहे, 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद त्याच्या जिभेवर आहे. लेखनाध्यापनाने ते त्याच्याकडून काढून घेऊन त्या जागी उसनी वाक्ये ठेवू नयेत. जो मुलगा आज वर्गात तीन प्रश्न विचारून पत्र लिहावयास शिकेल, तो उद्या तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशी दुसऱ्याकडून अर्ज लिहवून घेणार नाही. रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या निरक्षर माणसाचा अर्जही तो लिहून देईल.